जीपमागची फांदी

नलिनीबाई त्या दिवशी फक्त रस्ता मोजायला गेल्या होत्या. वळणावर डांबराची रुंदी किती ते बघून या, असं वकिलांनी सांगितलं होतं. पिशवीत शाळेतली टेप घालून, धाकटा दीर अच्युत याच्या मोटरसायकलवरून त्या हुमनाबाद-राजेश्वर रस्त्याच्या त्या वळणाशी उतरल्या, तेव्हा उन्हं कलायला लागली होती.

याच वळणावर त्यांचे यजमान नरसिंहराव गेले. टायर फुटलेली पोलीस जीप फौजदारानं दिवेलागणीला भर रस्त्यात उभी ठेवली होती. मागं दिवा नाही, साधा दगड नाही. नरसिंहरावांची स्कूटर वळून आली ती थेट जीपवर आदळली. पोलिसांचं म्हणणं, जीप रस्त्याच्या खाली, कडेला होती, स्कूटरवाला पिऊन होता. सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा माणूस! ठाण्यात गेलं की साहेब दौऱ्यावर, भरपाईसाठी कोर्टात गेलं की पुढची तारीख. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता नलिनीबाईंच्या हातात खडू मोडायचा, इतका संताप साठला होता.

अच्युत टेपचं टोक धरून पलीकडं गेला, आणि लॉऱ्यांची रांग कधी न तुटणारा तो रस्ता एकाएकी ओस पडला. ज्वारीचं पान हलेना. जळलेल्या रबराचा वास आला. त्यात मिसळलेला ताज्या तोडलेल्या बाभळीचा ओला, कडवट वास.

खर्रर... खर्रर...

खाकी कपड्यातला एक पोलीस डांबरावरून मोठी फांदी ओढत येत होता. ती त्यानं रस्त्याच्या मधोमध टाकली.

"इथं कामून टाकायलाव?" नलिनीबाईंनी विचारलं.

"जीप उभी हाय न्हवं, अक्का. मागून कोन आलं तर..."

रस्त्यावर जीप नव्हती.

"कुठली जीप?"

"साहेबाची. फांदी टाकतो म्हनलो. साहेब म्हनले, ऱ्हाऊ दे, कोन येतंय आता... मग सही घेतली माजी. जीप खाली हुती म्हनून." त्याचे तळहात काट्यांनी फाटले होते, पण रक्ताचा थेंब नव्हता.

नलिनीबाई एक पाऊल मागं सरल्या. तरी भीतीपेक्षा राग मोठा होता. "नाव काय तुमचं? कोर्टात येऊन सांगाल हे?"

"सिद्धराम. सांगतो की. पन बोलवतंय कोन, अक्का..."

"वैनी, कोणासंगं बोलायलाव?" पलीकडून अच्युतनं हाक मारली. तेवढ्यात एक लॉरी भोंगा वाजवत मधून गेली. धूळ खाली बसली तेव्हा ना माणूस होता, ना फांदी.

नलिनीबाईंनी हट्टानं ते नाव साक्षीदारांत घालायला लावलं. तारखेला कोर्टाच्या शिपायानं व्हरांड्यात तीनदा पुकारा केला. उत्तर आलं नाही. समोरच्या बाकावरचा फौजदार गालात हसत उठला.

"तो मागच्या पावसाळ्यातच वारला, साहेब."

"बाई, काय शोभा केलीत माझी!" वकील दात आवळून कुजबुजले.

"मी बोलले त्यांच्याशी. याच महिन्यात," नलिनीबाई म्हणाल्या. कोणी लक्ष दिलं नाही. न्यायाधीश सांगू लागले, "साक्षीदार मयत. अर्जदाराकडे अन्य पुरावा..."

"हाजिर, साहेब."

आवाज हळू होता, पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून आला. न्यायाधीशांनी मान वर केली. "कोण आहे?"

पिंजरा रिकामा होता. जागचं कोणी हललं नाही. न्यायाधीशांनी घसा खाकरला आणि राहिलेलं वाक्य जरा मोठ्यानं पुरं केलं. अर्ज फेटाळला.

नलिनीबाई बाहेर आल्या. व्हरांड्याच्या खांबाला हात टेकून उभ्या राहिल्या. इतकी माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि कागदावर मात्र काहीच चढलं नव्हतं. डोळ्यांत आलेलं पाणी दुःखाचं नव्हतं.

"चला वैनी," अच्युत म्हणाला.

निघताना त्यांची नजर खिडकीतून आत गेली. कारकून जेवायला गेले होते, पंखे बंद होते. फौजदार एकटाच बाकासमोर उभा होता. टोपी काखेत, तोंड पिंजऱ्याकडं.

"व्हय," तो पुटपुटत होता. "व्हय... रस्त्यातच हुती..."

लिहून घ्यायला तिथं कोणी नव्हतं. आणि थोडं थांबून, कोणी पुढचा प्रश्न विचारल्यासारखी, त्यानं पुन्हा मान हलवली.