ऐनाचं पाणी

कुमुदिनी शाळेत मुलांना जीवशास्त्र शिकवायची आणि घरी मला. भाजी आणली तरी देठ कसा आहे ते आधी विचारणार. सरकारनं तालुके मोडून छोटी महसुली मंडळं केली त्या वर्षी आम्हा दोघांची बदली जंगलातल्या बेज्जूरला झाली आणि बायकोला हात लावून बघायला अख्खं रान मिळालं.

उन्हाळ्यात शाळेचे कारकून मारोतराव आम्हाला ऐनाचं झाड दाखवायला घेऊन गेले. काळपट साल, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली. गळालेलं पान उलटून कुमुदिनीनं देठाजवळच्या दोन बारीक गाठी मला दाखवल्या. खोडाला कमरेच्या उंचीवर फुगवटा होता. मारोतरावांनी तिथं कुऱ्हाड घातली आणि पाण्याची धार लागली. कुमुदिनी ओंजळीनं पोटभर प्यायली. मला त्याचा वास आवडला नाही.

निघताना मारोतराव ओल्या मातीनं भोक बुजवू लागले.

"राहू द्या," कुमुदिनी म्हणाली. "हे कसं भरते ते मले पाह्यचं हाय."

"उघडं सोडत नसते, मॅडम."

"काऊन?"

मारोतरावांनी हातातली माती टाकून दिली.

दुसऱ्या दिवसापासून तिला सारखी तहान लागू लागली. आधी मी चेष्टा केली, की तुझ्या माहेरहून विहीरच आंदण मागायला हवी होती. मग माठ दुपारीच रिकामा होऊ लागला. ओठ फुटले, डोळे आत गेले. एवढं प्यायलेलं पाणी जात कुठं होतं कळेना. घाम नाही, लघवीही कमी. कागजनगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, शुगर नव्हती. सलाईन लावून पाहिलं. हे असंच राहिलं तर मूत्रपिंडं जातील, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी पुरता घाबरलो.

झाडाचं भोक उघडं राहिलं म्हणून माणसाला तहान लागते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण बुडत्याला काडीचा आधार. भोक बुजवायचं, नाहीच जमलं तर झाड पाडायचं, असं ठरवून मी कुऱ्हाड घेऊन एकटाच रानात गेलो.

भोक नव्हतं. घावावर साल आली होती, भेगांसकट, जुनी असावी तशी. आजूबाजूची झाडं उघडी पडली होती आणि या एकाला गच्च पालवी.

खोड कुठं पोकळ आहे ते कळावं म्हणून मी कान लावला.

आत कुणीतरी पाणी पीत होतं.

एक घोट. दुसरा. मग थोडं थांबणं. कुमुदिनी तांब्या खाली घेऊन श्वास घेते तेवढंच. पुन्हा घोट.

शेवटी तिचा बारीक खोकला आला.

मी कुऱ्हाड खाली ठेवली. सोबत आणलेलं पाणी होतं, ते सगळं बुंध्याशी ओतलं. का, ते आजही सांगता येत नाही. मातीनं ते लगेच ओढून घेतलं.

घरी आलो तर कुमुदिनी खाटेवर गाढ झोपली होती, कितीतरी दिवसांनी. माठ अर्धा भरलेला होता. मला रडूच आलं. तिच्या अंगावरची चादर नीट करायला मी वाकलो.

खाटेखालची फरशी कोरडी होती. तिचे पाय मात्र घोट्यापर्यंत ओले होते, नुकतंच कुणी त्यांच्यावर पाणी ओतावं तसे.