दुसऱ्या हाताचे वाक्य

नियंत्रणकक्षाच्या भिंतीवर 'अगस्ती' यानाचा ठिपका पृथ्वीप्रदक्षिणा करीत होता आणि खाली टेबलावर एक संमतिपत्र सहीची वाट पाहत पडले होते. सही ऋजुता डोईफोडे या विद्यार्थिनीची हवी होती.

संस्थेचा दंडकच तसा होता. यानाकडे नवी आज्ञावली धाडायची, तर ती ज्या शोधनिबंधाच्या आधारे तपासली गेली तो निबंध, त्या कामात हात नसलेल्या एका विद्यार्थ्याने खंडनाच्या हेतूने वाचावा. खंडन साधले नाही, तर तसे लिहून द्यावे. संस्थापकांनी हा नियम गांभीर्याने केला असावा. पुढे पुढे विद्यार्थी लग्नात अक्षता टाकाव्यात तशा सह्या टाकू लागले. ऋजुताने मात्र निबंध खरोखरच वाचला होता आणि पंचाईत तिथेच झाली होती.

"वर तीन माणसे आहेत," मोहीमप्रमुख फरीदा मुजावर तिला म्हणाल्या. "यानाच्या उष्णताकवचाला तडा गेलाय, म्हणून ठरलेल्या मार्गाने समुद्रात उतरता येत नाही. पठारावर उतरण्याची नवी आज्ञावली 'लेखनिका'ने रातोरात लिहून दिली. आज संध्याकाळची संधी हुकली, तर पुढची उद्या संध्याकाळी. तोवर हवा पुरेल, पण जेमतेम. तू नाही म्हणालीस, तर ते जेमतेम तुझ्या माथी."

'लेखनिक' म्हणजे आज्ञावल्या रचणारे संस्थेचे यंत्र. त्याने लिहिलेले तपासण्याची पद्धत ज्या निबंधात मांडली होती, त्याचे लेखक डॉ. श्रीनिवास सोवनी शेजारीच बसले होते. ऋजुताचे मार्गदर्शकही तेच.

"सोवनी, मला एकदा साध्या शब्दांत सांगा," मुजावर म्हणाल्या. "तुमचा हा दृष्टिलेखक पाहतो तरी काय?"

"वाचकाची नजर, मॅडम. जाणत्या माणसाला चूक उमगण्यापूर्वी त्याच्या डोळ्यांना ती उमगते. चुकीच्या ओळीवर नजर निमिषभर थबकते. वाचकाला त्याचा पत्ता नसतो, कॅमेऱ्याला असतो. आम्ही निर्दोष आज्ञावल्यांत चुका पेरल्या आणि त्या तज्ज्ञांपुढे ठेवल्या. जिथे चूक, तिथे थबक. उतरणीची आज्ञावली तिघांनी वाचली. एकदाही थबक नाही."

"चुका कोणी पेरल्या, सर?" ऋजुताने विचारले.

"निबंधात स्वच्छ लिहिले आहे. 'परस्परांशी संपर्क नसलेल्या अनेक तज्ज्ञांनी.' निबंध वाचलास ना? की आडनावाला जागायचे म्हणून आमची डोकी फोडायला आलीस?"

"वाचला, सर. दृष्टिलेखकासमोर बसून वाचला. साऱ्या निबंधात माझी नजर एकाच ठिकाणी थबकली. त्याच वाक्यावर."

सोवनी सावकाश हसले. हे हसू ऋजुताच्या परिचयाचे होते. परिसंवादात समोरचा कोंडीत सापडला की ते उमटत असे.

"छान. म्हणजे तुझी नजर सांगते, ते वाक्य चूक. पण नजर चूक दाखवते, हे सिद्ध कुठे झाले? याच निबंधात. निबंधावर विश्वास असेल, तर तो खराच, सही कर. विश्वास नसेल, तर तुझ्या थबकीला काडीचा अर्थ नाही, म्हणजे आक्षेपही नाही. तरीही सहीच कर."

मुजावरांनी भिंतीवरच्या ठिपक्याकडे पाहिले, मग ऋजुताकडे. "उत्तर आहे?"

ऋजुता टेबलाकडे सरकली. "तिसरी शक्यता आहे, मॅडम. थबक खरी आहे, पण ती चुकीची खूण नाही."

"मग कशाची?"

"मी एक निर्दोष आज्ञावली घेतली. तिच्यातली एक ओळ काढून तेच काम करणारी, तितकीच बरोबर ओळ मैत्रिणीकडून लिहवून घेतली. मग वर्गातल्या सगळ्यांना ती वाचायला दिली. चूक कुठेच नव्हती, तरी सगळ्यांची नजर त्या ओळीवर थबकली. मग उलट केले. माझ्याच आज्ञावलीत माझ्याच हाताने ढोबळ चूक केली. तिच्यावरून सगळे सुळकन निघून गेले." ती क्षणभर थांबली. "विणकाम करताना मध्येच दुसरीने सुया हातात घेतल्या, तर टाके बिनचूक पडूनही वीण वेगळी दिसते. डोळ्याला चूक दिसत नाही, मॅडम. हात बदललेला दिसतो. सरांच्या प्रयोगात आज्ञावल्या इतरांच्या होत्या, चुका पेरणारा वेगळा. म्हणून थबक आणि चूक एकाच ओळीवर पडत गेल्या."

मुजावर खुर्चीत पुढे सरकल्या. "आणि लेखनिकाने लिहिलेले पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत..."

"एकहाती. त्यात दहा चुका असल्या, तरी दृष्टिलेखक चकार शब्द काढणार नाही."

सोवनींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तिचा प्रयोग ग्राह्य धरायचा का, सोवनी? हो किंवा नाही सांगा. वेळ नाही."

"वर्गातली दहाबारा मुले म्हणजे पुरावा नव्हे," सोवनी म्हणाले. पण त्यांच्या आवाजातला तोरा उतरला होता.

"मग आपणच पडताळून पाहू, सर," ऋजुता म्हणाली. "माझे म्हणणे खरे असेल, तर निबंधातले ते वाक्य बाकीच्या निबंधाच्या लेखकाचे नाही. मला वाटते, छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या परीक्षकांपैकी कोणीतरी ते घालायला लावले असावे. सर, ते वाक्य कोणाचे?"



"माझे," सोवनी म्हणाले.

ऋजुता गोंधळली. वाक्य त्यांचे असेल, तर तिचे सारे अनुमान ढासळत होते. निबंधाचा शब्दन् शब्द आपला आहे, एवढे सोवनींनी म्हटले असते, तर वाद तिथेच मिटला असता. पण ते तसे म्हणत नव्हते. ते टेबलावरच्या चष्म्याकडे पाहत होते. आणि मग तिच्या ध्यानात आले.

"तेवढेच?" तिने हलकेच विचारले.

"तेवढेच." सोवनींनी मान हलवली. "मी लेखनिकाला विचारले होते, तुझे लिहिलेले आम्ही तपासावे कसे? त्याने ही पद्धत सुचवली. निबंधही लिहून दिला. इतके डौलदार गद्य मला जन्मात साधले नसते, ऋजुता. कुठे हात लावावासा वाटेना. प्रयोग मात्र मीच केले. परीक्षकांनी विचारले, चुका कोणी पेरल्या? सगळ्या मी एकट्यानेच पेरल्या होत्या. ते सांगितले असते, तर निबंध परत आला असता. म्हणून ते एक वाक्य घातले."

"म्हणजे परीक्षार्थ्यानेच परीक्षा बेतली," मुजावर म्हणाल्या, "आणि ती अशी, की तो नापास होऊच शकत नाही. जाणूनबुजून केले असेल त्याने?"

"त्यालाच विचारता येईल," सोवनी म्हणाले. "उत्तरही असेच डौलदार येईल."

मुजावरांनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला. "अगस्ती, आज उतरायचे नाही. हवा जपून वापरा. बोलणे कमी, हालचाल कमी."

पलीकडून थोड्या वेळाने एका पुरुषाचा थकलेला आवाज आला. "का, मॅडम? काही चुकलंय का?"

"ठाऊक नाही. वाचतो आहोत."

ऋजुताने आज्ञावलीची पाने काढली आणि शेवटचे पान वर ठेवले. छापखान्यातले मुद्रितशोधक कधी कधी मजकूर उलटा, शेवटाकडून वाचतात. अर्थाचा ओघ तुटला की डोळा फसत नाही. प्रत्येक ओळीपाशी मुद्दाम थांबायचे, पुढे जायचेच नाही असे समजून थांबायचे आणि त्या ओळीने काय करायला हवे ते आधी कोऱ्या कागदावर स्वतः मांडायचे, असे ठरले. सोवनींनी न विचारता शेजारची खुर्ची ओढली. तिने निम्मी पाने त्यांच्यापुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली, तेव्हा यानातून शब्द येणे जवळजवळ बंद झाले होते.

"इथे ये," सोवनी म्हणाले.

त्यांनी एका ओळीखाली बोट ठेवले होते. तिघा तज्ज्ञांची नजर त्या ओळीवरून न अडखळता गेली होती. आधी ऋजुताचीही गेली. ओळ सुरेख होती, आखीव, मागच्या-पुढच्या ओळींच्या वळणाची. हवाई छत्री कोणत्या उंचीवर उघडायची, ते ती सांगत होती.

ती उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली होती. आणि पठार त्या उंचीहूनही उंच होते.