धरलंय का?

थोरल्याला दारात आलेलं गिऱ्हाईक परतवायची खोड लागली होती, आणि माईंच्या मते ही खोड दारूपेक्षा वाईट. दारुड्या निदान संध्याकाळपर्यंत थांबतो. हा सकाळी नऊला शटर अर्धं वर करायचा, खुर्ची टाकायचा, मोबाइल कानाला लावायचा आणि कुणी म्हणालं रे म्हणालं की इंजिन हलतंय, की बसल्या जागेवरून सांगायचा, "ते काम आम्ही बंद केलं. पुढच्या चौकात विचारा."

बंद केलं! कुणाला विचारून? गॅरेज माईंच्या नवऱ्यानं उभं केलं होतं, आणि गॅरेजचं नाव झालं ते याच कामावर. इंजिन गाडीत नुसतं ठेवलेलं नसतं, रबराच्या तीन माउंटिंगवर तोललेलं असतं. रबर चिरलं की गाडी उभ्या जागी हुडहुडी भरल्यासारखी थडथडते. माईंचा नवरा माउंटिंग बदलून झाली की चालू इंजिनावर पाण्याचा पेला ठेवायचा. पाणी सांडलं तर गाडी पुन्हा लोखंडी घोड्यांच्या टेकूवर. अशा माणसाच्या पोटी हा खुर्चीवाला!

थोरला का टाळतो ते माईंना कळत नव्हतं असं नाही. धाकटा त्याच कामात जिवानिशी गेला होता. वर्ष झालं होतं.

माउंटिंग काढताना इंजिनाची एक बाजू सोडावी लागते, आणि बाजू सुटली की अख्खं धूड तिकडे कलंडतं. म्हणून इंजिनाच्या बुडाशी तेलाचं चेंबर असतं त्याखाली लाकडी ठोकळा, ठोकळ्याखाली जॅक आणि जॅकच्या दांड्यावर एक माणूस. जॅक बसू लागला की त्यानं दांडा मारायचा. शिंक आली तरी हात सोडायचा नाही. गाडीखालच्यानं मधूनमधून विचारायचं, "धरलंय का?" दांड्यावरच्यानं सांगायचं, "धरलंय." हा माईंच्या नवऱ्याचा दंडक. जॅकला तोंड नसतं, माणसाला असतं, म्हणायचा तो.

त्या दुपारी धाकटा खाली होता आणि थोरला दांड्यावर. माई मागच्या खोलीत शिलाई मशीनवर सीटची कव्हरं शिवत होत्या. मशीनच्या खडखडाटातही त्यांनी धाकट्याचं "धरलंय का?" ऐकलं. थोरल्याचं "धरलंय" ऐकलं. मग धप्प. बस्स, एवढंच.

जॅकनं एकदम दगा दिला, थोरला म्हणाला. माझ्या हातात दांडा होता. पोलिसांनी माईंना विचारलं. माई ताठ मानेनं म्हणाल्या, "धरला होता त्यानं. मी माझ्या कानांनी ऐकलंय." माईंना अक्षर जेमतेम ओळखू यायचं, पण कानांचा त्यांना भारी अभिमान. तीन घरं पलीकडचं दूध उतू गेलेलं त्यांना कळायचं. त्या कानांवर विसंबून पोलिसांनी कागद मिटला.

ती गाडी एका निवृत्त मास्तरांची होती. राखाडी. गेल्या पंधरवड्यात मास्तर दोनदा येऊन गेले आणि थोरल्यानं दोनदा त्यांना चौक दाखवला. हे माईंना तिसऱ्यांदा मास्तर आले तेव्हा कळलं, कारण त्या वेळी खुर्चीत त्या बसल्या होत्या.

"माई, रागवू नका," मास्तर खिडकीतून म्हणाले. "पोलिसांच्या आवारातून ओढून आणली ती दारात लावली. चावीला हात लावायचं धाडसच होईना. या महिन्यात लावला, तर पहिल्या झटक्यात चालू. पण उभी राहिली की अशी थरथरते, की माझी कवळी वाजते."

"चालवत आणलीत?"

"मग काय डोक्यावरून आणू?"

माई उठल्या. "ठेवा इथंच आणि घरी जा. संध्याकाळी पेला ठेवून दाखवीन."

मास्तर गेले. थोरला पाण्याच्या टाकीपाशी उभा होता. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"आई, ही गाडी नको."

"तुला गाडी नको, काम नको, गिऱ्हाईक नको. जेवायला मात्र दोन्ही वेळ पाहिजे. बोनेट उघड!"

त्यानं उघडलं. माई स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. ब्रेक दाबून, पहिला गिअर टाकून क्लच जरा सोडायचा, बोनेटखालच्या फटीतून इंजिन किती उडतं ते बघायचं. मग रिव्हर्स टाकून पुन्हा तेच. माउंटिंग गेलेलं इंजिन अशा वेळी बेडकासारखी उडी मारतं. हे उडालं नाही. एक बाजू किंचित वर आली आणि पुन्हा खाली टेकली, हळूच. निजलेल्या पोराला गादीवर ठेवताना आपण हात काढून घेतो ना, तसं.

माईंना ते आवडलं नाही.

मास्तरांची थरथरही निराळी होती. पाण्यानं भरलेली कळशी कडेवर न घेता नुसत्या हातांवर धरून उभं राहिलं, की थोड्या वेळानं दंडात येते, तशी. माईंनी चावी फिरवून गाडी बंद केली. पंखा थांबला. रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची घंटी ऐकू आली.

इंजिन थरथरतच होतं.

"गरम झालंय," थोरला म्हणाला.

"तुझं डोकं गरम झालंय. बॅटरी आण."

उजव्या बाजूच्या माउंटिंगवर माईंनी बॅटरीचा झोत टाकला. रबर मधोमध फाटून दोन तुकडे झालेलं. वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे, मध्ये बोटभर फट. बोल्टच्या चार भोकांत एकही बोल्ट नव्हता. भोकांवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. जाळं जुनं होतं, धुळीनं भरलेलं. आणि एक धागाही तुटलेला नव्हता.

माईंनी मान वळवून भिंतीवरच्या फळीकडे पाहिलं. तिथं डब्याचं झाकण होतं. धाकट्याची सवय, काढलेले बोल्ट ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं झाकणात मांडायचे. चार बोल्ट. वर्षभर माईंनी त्यांना कुणाला हात लावू दिला नव्हता.

"मग हे इतका वेळ उभं कशावर आहे?" माई म्हणाल्या.

"गंजानं चिकटलं असेल."

"गंज चार मणांचं धूड धरतो होय रे? मग घरात तुझ्याऐवजी गंजच पाळला असता मी!"

थोरला हसला नाही. एरवी निदान तोंड वाकडं करायचा.

गाडीचं पुढचं अंग घोड्यांवर चढवलं. खाली जायला थोरल्यानं नकार दिला. माई म्हणाल्या, ठीक आहे, तुझी चामडी जप, निदान जॅक तरी लाव. त्यानं वाकून, मान शक्य तितकी बाहेर ठेवून जॅक आत ढकलला, ठोकळा ठेवला, दोनतीनदा दांडा मारला आणि म्हणाला, "झालं. लागलाय."

ही त्याची दुसरी खोड. काम अर्धं असताना "झालं" म्हणायची. लहानपणी बोटांपुरतेच हात धुवायचा आणि झालं म्हणायचा.

"दांडा सोडू नकोस," माईंनी बजावलं. त्या वरून वाकल्या आणि फाटक्या रबराचे दोन्ही तुकडे ओढून काढले. एखादं पिकलेलं फळ देठापासून यावं तसे ते हातात आले. इंजिन केसभरही खाली बसलं नाही.

तेवढ्यात थोरल्याचा मोबाइल वाजला. माईंची पाठ त्याच्याकडे होती. त्यांना चपलांचा आवाज आला, शटरपर्यंत गेलेला.

माई वळल्या नाहीत. त्यांना गाडीखालून काहीतरी ऐकू आलं होतं.

फरशीवर पाठ घासल्याचा आवाज. मग दम लागलेला श्वास. मग, अगदी नेहमीच्या सुरात, जरासं वैतागून:

"धरलंय का?"

आणि मागून, लांबून, फोनवरचं बोलणं न तोडता, सवयीनं थोरला म्हणाला:

"धरलंय!"

शटरच्या पत्र्यावर आपटून तो शब्द आत आला. मागे बारीक झणकार ठेवून.

माईंचे हात जागच्या जागी राहिले.

हाच शब्द. हाच झणकार. वर्षापूर्वी मशीनच्या खडखडाटात त्यांनी ऐकला होता तो असाच, पत्र्याला लागून आलेला. जॅकपाशी बसून बोललेला शब्द पत्र्याला लागत नाही. जॅकपाशी पत्राच नाही. तिथं भिंत आहे, मातीची. ती आवाज गिळते.

कानांनी तेव्हाही बरोबर ऐकलं होतं. आईनं ऐकून घेतलं नव्हतं.

पोलिसांपुढे ताठ ठेवलेली आपली मान त्यांना आठवली, आणि पायापासून डोक्यापर्यंत असा संताप चढला, की टेकायला त्यांनी गाडीचा पत्रा धरला. तो थरथरत होता.

त्या खाली बसल्या. बॅटरी आत धरली.

गाडीखाली कुणी नव्हतं.

जॅक बसला होता. ठोकळा त्याच्यावर तसाच होता. ठोकळा आणि चेंबर यांच्यामध्ये चार बोटांची जागा होती. माईंनी तिच्यात हात घातला. बोटं आरपार फिरली. कशालाही लागली नाहीत. फक्त तिथली हवा ऊन होती, माणसाच्या अंगाजवळची असते तशी, आणि तिला धाकट्याच्या सदऱ्याचा वास होता. डिझेलचा, आणि त्या स्वतः वापरत त्या कपड्यांच्या साबणाचा.

त्यांनी जॅकचा दांडा पकडला आणि अख्खा जॅक ओढून बाहेर काढला. फरशीवर चाकं करकरली.

इंजिन जागच्या जागी राहिलं.

"आई!" थोरला धावत आला. "जॅक का काढलास? पडेल ते!"

माई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, फळीवरचं झाकण घेतलं, खोक्यातून नवं माउंटिंग घेतलं आणि पुन्हा गाडीपाशी आल्या.

"कुणाचा फोन होता रे तेव्हा?"

"आत्ता? त्या टायरवाल्याचा."

"आत्ताचा नाही विचारत."

थोरल्याचं तोंड उघडलं. त्याला काही म्हणायचं होतं, बहुतेक "झालं ते झालं." पण त्यानं इंजिनाकडे पाहिलं, खालच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, बाहेर काढलेल्या जॅककडे पाहिलं. मग तो मागे सरू लागला.

"थांब," माई म्हणाल्या. तो थांबला.

माई वाकल्या. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज मऊ झाला.

"बाळा, धरलंय का?"

थरथर क्षणभर थांबली.

"धरलंय," खालून आलं. फार थकलेलं.

थोरल्यानंही ऐकलं. त्याच्या हातातला मोबाइल फरशीवर पडला. उचलायला तो वाकला नाही.

माईंनी माउंटिंग त्याच्या छातीवर टेकवलं. चार बोल्टांचं झाकण त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून त्याभोवती मिटवली.

"मी खोटी साक्ष दिली, तिचं काय ते मी बघून घेईन," त्या म्हणाल्या. "तू खाली जा. पाठीवर झोप, बरोबर त्याच्या जागेवर, आणि हे चार बोल्ट आवळ. घाबरू नकोस. तो सोडायचा नाही. तो तू नाहीस."