अकराजणींची हजेरी

कुसुमताईंनी त्या सकाळी तीनदा लुगडं बदललं. शेवटी हिरवं, जरीच्या काठाचं नेसून त्या समाजमंदिरात आल्या, तेव्हा शहात्तर वर्षांच्या बाईच्या पायांत करवलीची लगबग होती. गोसीखुर्दच्या पाण्याकाठी नव्यानं वसवलेल्या त्या गावात जुन्या गाण्यांची कार्यशाळा भरली होती. लाखनीचे संगीतशिक्षक नीलेश सर यांनी ती मांडली होती. नागपूर, भंडारा, पार पुण्याहूनसुद्धा अकरा मुली आल्या होत्या. खिडकीतून धरणाचं पाणी दिसत होतं, उन्हात कथलासारखं चकाकणारं. त्याच्याखाली कुसुमताईंचं गाव होतं.

गाव उठलं तशी रोवण्याची टोळी पांगली. मग एकेक बाई गेली. चार वर्षांपूर्वी त्यांची जिवाची मैत्रीण कुंताबाईही. उरल्या कुसुमताई आणि एक हजेरीचं गाणं. दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखलात वाकून धान रोवलं की संध्याकाळी टोळीची मुख्य बाई, म्हणजे कुसुमताईच, एकेकीचं नाव गाऊन पुकारायची, आणि जिचं नाव तिनं 'हाव वं बाई, हाव' म्हणत सूर झेलायचा. हे एकटीनं गाता येत नाही. कुसुमताई चुलीपाशी एखादं नाव गायच्या आणि थांबायच्या. उत्तराची जागा रिकामीच राहायची. डोळे मिटायच्या आत एकदा, फक्त एकदा, त्यांना ते पुरं ऐकायचं होतं.

"ताई, या पोरींचीच नावं घालू ना गाण्यात," नीलेश सर म्हणाले.

"अजी सर, 'कुंता'च्या जागी 'तेजस्विनी' कशी मावन? बैलबंडीत हत्ती बसवता का?"

मुली खदखदून हसल्या. टोळीत त्यांच्याशिवाय अकरा होत्या, इथंही अकरा. प्रत्येकीला एकेक नाव वाटून दिलं. पुण्याची तेजस्विनी झाली कुंता, साकोलीची मोनिका झाली सत्यभामा. दुसरीच्या नावाला 'हाव' म्हणू नये, असं जुन्या बाया सांगायच्या. पण त्या आनंदात कुसुमताईंना ते आठवलं नाही.

पहिल्यांदा सूर हलले. दुसऱ्यांदा जमले. तिसऱ्यांदा कुसुमताईंनी डोळे मिटून हाक टाकली, "कुंता वं बाई, हायेस का बांधीत?"

उत्तर आलं ते किंचित घोगरं, शेवटाला पायरी चुकल्यासारखं खाली उतरणारं. कुसुमताईंच्या अंगावर काटा आला. हे कुंताचं उतरणं त्यांनी शिकवलं नव्हतं. त्यांना स्वतःला ते कधी जमलंच नव्हतं.

"वा!" नीलेश सर ओरडले. टाळ्या पडल्या.

जेवताना, सकाळी 'मला थोडंच वाढा' म्हणणारी तेजस्विनी म्हणाली, "मले चटणी दे ना वं. कायले हात आखडतेस?"

"पाहा! अर्ध्या दिवसात झाडीबोली!" सर खूश झाले. कुसुमताईही हसल्या. तेवढ्यात तेजस्विनी त्यांच्या कानाशी वाकली.

"कुसे, पळसाखाली तुया टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. निंगाला का तो पुरा?"

कुसुमताईंच्या हातातला घास थांबला. तो काटा कुंतानं दातांनी ओढला होता. अर्धाच निघाला होता. ही गोष्ट त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

"नाही वं," त्या पुटपुटल्या. "अजून खुपते."

दुपारभर गाणं उसळत राहिलं. मुली आता सतरंजीवर बसेनात. कमरेत वाकून, ओळ धरून, एकेक पाऊल मागं सरकत गाऊ लागल्या, रोवताना सरकतात तशा. कोणी सांगितलं नव्हतं. कुसुमताईंच्या अंगावरून तीस-चाळीस वर्षं गळून पडली. अकरा नावं, अकरा उत्तरं. एकही जागा रिकामी नाही.

चार वाजता सरांनी प्रमाणपत्रं काढली.

"तेजस्विनी."

कोणी उठलं नाही.

"मोनिका."

अकराही जणी उत्सुकतेनं दाराकडे पाहत होत्या, कोण येते म्हणून.

सरांचं हसू ओसरलं. ते कुसुमताईंजवळ आले. "ताई, हे गाणं संपते कुठं? शेवटची एखादी ओळ असन ना?"

होती. हजेरी झाली की मुख्य बाई 'जा वं बायांनो, आपापल्या घरी' गायची. मगच बाया चिखलातून पाय काढायच्या. ती ओळ कुसुमताईंनी तीस पावसाळे गायली होती.

त्यांनी समोर पाहिलं. ओढणी कमरेला खोचत कुंता म्हणत होती, "चाल ना वं कुसे, अजून एक डाव!"

"नाही जी सर," कुसुमताई म्हणाल्या. "मले तेवढीच ओळ नाही आठवत."

भिंतीशी ठेवलेल्या पिशव्यांत एक फोन वाजू लागला. मग दुसरा. एकीनंही मान वळवली नाही. सगळ्यांत वरच्या पिशवीवरच्या फोनच्या पडद्यावर 'आई' ही अक्षरं थरथरत होती.

कुसुमताईंनी तो हलकेच पालथा घातला, आणि पहिलं नाव पुकारलं.