गाभ्यातला चुना

गवताचा ठोकळा दगडासारखा तडकत नाही. दाबयंत्राखाली ठेवला की जुन्या उशीसारखा हळूहळू बसत जातो, आणि केव्हा मोडला तेच कळत नाही. तपासनीस बाईंचं उभं आयुष्य असले ठोकळे दाबण्यात गेलं होतं. "बाईंपुढे फार वेळ उभं राहू नका, वजन टाकून बघतील," असं प्रयोगशाळेतली माणसं म्हणत, आणि बाई स्वतःही त्यावर हसत.

आज समोर धाकट्या भावाच्या हातचे ठोकळे होते. तागाच्या काड्यांचा चुरा आणि चुना, थर देऊन साच्यात ठोकलेला. याच मिश्रणाने त्याने घरामागे एक खोली उभारली होती. हा चुना हवा पिऊन घट्ट होतो. बाहेरून आत, अगदी सावकाश. तोवर आत राहायचं नसतं. पण भावाचं बाळ अशक्त जन्मलेलं, डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवलेली. जुन्या घरात गारठा, म्हणून कच्च्या भिंतींतच त्याने बायको-लेकराला हलवलं. आणि बाळ सावरलं! बाईंनी देवापुढे हात जोडले, तरी ओल्या भिंतींची धास्ती जाईना. म्हणून त्याच खोलीत ठेवलेले नमुने त्यांनी मागवून घेतले.

"पास कर गं ताई. लहानपणापासून मला नापासच करत आलीस," भाऊ दारातून म्हणाला.

"कच्चे निघाले तर बाळाला आजच बाहेर काढायचं. कबूल?"

तो हसला नाही. "आधी बघ तर."

यंत्र खाली आलं. ठोकळा बसेना. काटा चढतच गेला, गवताने कधी गाठू नये तिथवर. मग ठोकळ्याने एक लांब, ऊन उसासा बाईंच्या मनगटावर सोडला. त्याला दुधाचा वास होता.

ओल असेल, बाईंनी मनाची समजूत घातली. ठोकळा फोडून त्यांनी चुना तपासायचं औषध फवारलं. औषधाचा नियम साधा: कच्चा चुना गुलाबी होतो, हवा प्यालेला पांढराच राहतो. म्हणजे कड पांढरी, गाभा गुलाबी. नेहमी.

इथे कड गुलाबी झाली. गाभा पांढराशुभ्र.

दुसरा ठोकळा फोडला. तोही तसाच.

"आतून हवा कुठून येईल रे?"

भाऊ पायांकडे बघत राहिला. "देणाऱ्याला असलं विचारू नये, ताई."

बाई तशाच उठल्या आणि त्याच्या घरी गेल्या.

भर दुपारी खोलीत अंधूक होतं. खिडक्या बंद. भावजय लंगोटांच्या घड्या घालत होती, बाळ भिंतीला लागून निजलं होतं.

"हळू हं, वन्सं. आत्ताच डोळा लागलाय."

बाईंनी भिंतीवर तळवा टेकला. भिंत कोमट होती. तळव्याखाली ती जरा वर आली, मग आत गेली.

त्यांनी बाळाच्या छातीकडे पाहिलं.

आधी भिंत वर यायची. मग बाळ.

बाईंनी बाळ उचललं आणि दार गाठलं. भावजयीने अडवलं नाही. अंगणात लख्ख ऊन होतं. बाळ रडलं नाही. त्याची छाती हलेना. ओठ निळसर झाले.

"बाळा! ए राजा!"

त्या धावत आत आल्या. भिंत वर आली. बाळाची छातीही.

"आम्हीही नेऊन पाहिलं होतं," भावजय घडी मोडून पुन्हा घालत म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून निजवा, तसं बरं पडतं त्याला."

बाईंनी बाळाला निजवलं. त्या शेजारी टेकल्या, आणि एकदाचा मोकळा श्वास घ्यायला गेल्या.

छाती भरेना.

भिंत अजून आत गेलेली होती.

"घाबरू नका, वन्सं," भावजय म्हणाली. "थांबायचं. येते ती."