काचेवरची धूळ

"सुविधाताई, आत्ताच्या आत्ता डिचोलीत ये गे! कोणीतरी माझो घात केलो!"

फोन साईशचा होता. वाळपई ठाण्याची उपनिरीक्षक सुविधा मनातल्या मनात म्हणाली, बरं झालं.

तिच्या वडिलांनी, सगुण फोटोग्राफरनी, पोटच्या पोरीला कधी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. पेडण्याहून शिकायला आलेल्या साईशला मात्र डोक्यावर घेतलं. मरताना म्हणाले, "स्लाइडांची पेटी साईशाक दिया." तेव्हा झालेला सुविधाचा जळफळाट अजून शमला नव्हता.

आई, पद्मावती, मात्र अडून बसली. स्लाइड्स जुन्या, मोठ्या, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या. त्या कॉम्प्युटरवर उतरवायला यंत्र कुठलं घ्यायचं? साईशचा सपाट काचेचा स्कॅनर, की दुसरा शिष्य गौरेश याचा उजेडाच्या पेटीवर टांगलेला कॅमेरा? एकच स्लाइड दोघांनी उतरवायची. जो जिंकेल, त्याची पेटी.

सुविधा डिचोलीच्या घरी पोचली तेव्हा निकाल लागला होता. स्लाइड खाणीवरच्या ट्रकांची. गौरेशच्या चित्रात ड्रायव्हरच्या मिशा मोजता येत होत्या. साईशच्या चित्रात ट्रक कुठला नि डोंगर कुठला, पत्ता नाही.

"यंत्रच भंगार असेल," सुविधा म्हणाली. चौकशीला बसली की ती घरातसुद्धा ठाण्यातली मराठी बोलायची.

"काल माझी स्वतःची स्लाइड उतरयलंय, झकास इली! ह्या स्कॅनराक काचेक टेकलेला तेवढाच स्पष्ट दिसता. पातळ चौकट चलता, त्याच्या वर गेला की संपला. सकाळी सगळ्यांका सांगितलंय ह्या."

"संशय कोणावर?"

"मी चाय घेवक गेलंय, तेव्हा गौरेश एकटोच हंय होतो."

गौरेशचे कान लाल झाले. "बघीत होतंय. हेवो वाटलो, खोटा कित्याक सांगू? पण हात लावूक नाय."

"स्लाइड कोणी ठेवली?"

"काकीन," गौरेशने पद्मावतीकडे बोट दाखवलं. "काढली पण तिणाच. बोटांचे डाग पडतले म्हणान आमका शिवूक दिली नाय. मगे माझ्या कॅमेऱ्याखाली पण तिणाच ठेवली."

सुविधाने स्लाइड बघायला मागितली. आईने कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. पेटीशेजारी रिकाम्या चौकटींची चळत होती. नवऱ्यासाठी त्या आईच ब्लेडने कापायची.

"अजून ठेवल्यायस?"

"माझ्या हातच्यो. हंय दुसऱ्या कोणाचो हात लागणा नाय," आई म्हणाली.

सुविधाने साईशचं चित्र पडद्यावर मोठं केलं. कोपऱ्यापाशी ती थांबली. पुन्हा मोठं केलं. गप्प राहिली असती तर साईश हात हलवत पेडण्याला गेला असता, आणि तिला तेच तर हवं होतं. पण साईशचा चेहरा रडवेला झाला होता, आणि गौरेश विनाकारण चोर ठरत होता.

"ही काचेवरची धूळ बघा," ती म्हणाली. "कण न् कण स्पष्ट. यंत्र बिघडलं असतं किंवा गौरेशने त्यात काही फिरवलं असतं, तर धूळही पुसट आली असती. म्हणजे यंत्र नीट बघत होतं. स्लाइडच काचेपासून वर होती."

"वर कशी?" साईश पुढे सरकला.

"चौकटीला दोन कडा दिसतायत. पुसट आहे ती स्लाइडची. दुसरी धारदार, म्हणजे काचेला टेकलेली. कोपऱ्यात ब्लेडची चीर पुढे गेलीय, हातानं कापल्यासारखी. स्लाइडखाली एक रिकामी चौकट होती. चौकटी कपाटात, किल्ली एकाच्याच कमरेला. स्लाइड ठेवली त्याच हाताने, काढलीही त्याच हाताने." तिचा आवाज खाली आला. "आई, कित्याक गे?"

पद्मावतीने मान खाली घातली नाही.

"तू दारात उभी रवायचं, नि ते हेका बाजूक घेवन बसायचे. जल्मभर बघलंय मी. मेल्यार पण हेकाच? गौरेशान पेटी हंयच ठेवली असती. तुझी म्हणान."

सुविधाला भरून आलं. आपल्याइतकंच आणखी कोणीतरी जळत होतं, आणि तेही आपल्यासाठी. आपण तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला अगदी खरोखर वाटलं.

तिने पेटी उचलली आणि साईशच्या हातात कोंबली.

"घेवन जा. बेगीन. माझा मन फिरायच्या आधी."

साईश पेटी छातीशी धरून निघाला, स्कॅनर मेजावरच विसरून.