अडतीस मिलिग्रॅमचा स्फटिक

"मी एका मुलीला खोटं ठरवलं," प्रयोगशाळेचे प्रमुख खुर्चीत टेकण्याआधीच म्हणाले. "आता कळतंय, ती खरं बोलत होती."

भिंगबाईंनी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. खासगी तपासाच्या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या या बाईंकडे माणसं बहुधा दुसऱ्यांच्या चुका घेऊन येत. शेजारी त्यांचे धाकटे दीर वही उघडून बसले होते. सगळेच त्यांना भाऊजी म्हणत.

प्रमुखांनी हकिगत सांगितली. तांब्याच्या ऑक्साइडचा एक स्फटिक होता. त्यात तांब्याचे अणू माळेतल्या मण्यांसारखे एका ओळीत असतात. स्फटिक अतिशय थंड केला, की त्या अणूंचं चुंबकत्व दोरीसारखा पीळ घेतं आणि त्या पिळामुळे स्फटिकाच्या दोन बाजूंना वीजभार उमटतो. एका संशोधक विद्यार्थिनीने हे मोजून दाखवलं. महिन्याने तिच्या सहकाऱ्याने तोच स्फटिक मोजला, तर काहीच नाही.

"मी तिला म्हटलं, आकडे रचलेस. त्याच आठवड्यात ती सोडून गेली. काल दुसऱ्या एका प्रयोगशाळेचा लेख आला. तिचेच आकडे."

"आणि लेख आला नसता तर?"

"माझ्या प्रयोगशाळेत नेमकं काय झालं, तेवढं शोधून द्या," प्रमुख म्हणाले.

प्रयोगशाळेत सहकारी थंडाव्याच्या यंत्रापाशी भेटला. "मला तिचा हेवा वाटायचा, नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "पण स्फटिकाला मी काही केलं नाही. डबी तीच, चिठ्ठी तीच. चांदीचा लेप लावला, तारा जोडल्या, मोजलं."

"वजन केलंत?"

"डबी तीच म्हटल्यावर वजन कशाला?"

कपाटाच्या किल्ल्या दोनच होत्या. एक प्रमुखांकडे, पण तो महिनाभर ते परगावी होते आणि किल्ली त्यांच्या खिशात होती. दुसरी भट्टीवाल्या काकांकडे.

बाईंनी मुलीची वही मागवली. प्रयोगानंतरची नोंद होती : 'वजन अडतीस मिलिग्रॅम. एका कोपऱ्याचा टवका उडालेला. त्यात अडकलेली चांदी पुसून निघत नाही.'

काका तीस वर्षं भट्टीत स्फटिक वाढवत होते. त्यांनी दोघांना चहा दिला. बाईंनी डबी पुढे केली.

"टेबलावर ठेवा, बघतो," काका म्हणाले. हात कोटाच्या खिशात होते. "लेकीसारखी होती हो ती मला."

"असे स्फटिक किती काढलेत?"

"दोन खेपा. पहिली आठ दिवस सावकाश थंड केली. दुसऱ्या वेळी वीज गेली आणि भट्टी एकदम गार पडली. दिसायला मात्र दोन्ही जुळी भावंडं."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "माणूस भला आहे, वहिनी. पण चहाच्या बाबतीत हात आखडता. जेमतेम अर्धा कप."

बाई थबकल्या. "भाऊजी, सगळ्यांना बोलवा."

सगळे तराजूभोवती जमले. बाईंनी डबीतला स्फटिक तोलला. चव्वेचाळीस मिलिग्रॅम. मग भिंग प्रमुखांच्या हाती दिलं. "कोपरे बघा. चारही शाबूत आहेत. उडालेला टवका काही भरून येत नाही. हा स्फटिकच वेगळा आहे, दुसऱ्या खेपेतला. भट्टी एकदम गार पडल्याने त्यात अणूंची माळ नीट जुळली नाही, म्हणून वीजभार नाही. बदलणाऱ्याकडे किल्ली हवी आणि दुसरी खेपही. ते एकाच माणसाकडे होतं."

"काका?" सहकारी म्हणाला. "त्यांचा जीव होता तिच्यावर."

"म्हणूनच मीही अडले होते. उत्तर भाऊजींनी दिलं. अर्धा कप देणारा माणूस चिक्कू नव्हता, त्याला चहा सांडायची भीती होती. डबीही त्याने हातात घेतली नाही." बाई काकांकडे वळल्या. "कधीपासून थरथरतात हात?"

काकांनी हात खिशातून काढले. "वर्ष झालं. कळलं असतं तर घरी बसवलं असतं. डबी पुसताना स्फटिक पडून फुटला. वाटलं, दुसरा ठेवतो, तसाच तर आहे. तिच्यावर बालंट आलं तेव्हा रोज म्हणायचो, उद्या सांगतो. मग तीच निघून गेली." त्यांनी कपाटातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. "तुकडे टाकवले नाहीत."

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने मोठा तुकडा मोजला. वीजभार होता. चुंबक फिरवला तशी त्याची दिशाही फिरली.

प्रमुखांनी सगळ्यांसमोर मुलीला फोन लावला, सगळं सांगितलं, माफी मागितली आणि परत यायची गळ घातली.

ती म्हणाली, "लेख दुसऱ्यांचा झाला, सर. मी आता सिमेंटच्या कारखान्यात नमुने तपासते. इथे रुळलेय. नाही यायचं मला."

"माझ्याकडून काही..."

"काकांना काढू नका. तेवढं ऐका माझं."

"ऐकतो," प्रमुख म्हणाले. "तेव्हाच ऐकायला हवं होतं."

पण हे म्हणेपर्यंत तिकडून फोन ठेवला गेला होता.